गेटवरचा दिवा कोणी बदलायचा?

मालाडच्या आमच्या सोसायटीत मागच्या गेटवरचा दिवा बंद पडला आणि सभेत दोन तट पडले. काहींचं म्हणणं, दुसऱ्या मजल्यावरचे काका कारखान्यात मेंटेनन्सला होते, त्यांनीच नवा एलईडी फ्लडलाइट लावावा. बाकीच्यांचं म्हणणं, परवानाधारक ठेकेदाराशिवाय कोणी हात लावायचा नाही, परदेशात असलं काही चालतं का? आईने फोनवर हे सगळं सांगितलं. मी इंग्लंडात, रेडिंगला राहते. माझ्या मागच्या दारावरचा सेन्सरचा दिवा मीच बदललाय, म्हणून या वादात मला बोलायचं आहे.

परदेशाचा दाखला इथे फारसा कामाचा नाही. इंग्लंडात 2005 पासून घरगुती वीजकामाला इमारत-नियमांचा ‘भाग पी’ लागू आहे. नवं सर्किट टाकायचं किंवा मुख्य बोर्ड बदलायचा, तर स्थानिक यंत्रणेला कळवावं लागतं. आहे त्या जागी दिवा बदलायला कळवावं लागत नाही, काम सुरक्षित झालं पाहिजे एवढंच. मेलबर्नच्या माझ्या आतेबहिणीला मात्र लायसन्सवाला इलेक्ट्रिशियनच बोलवावा लागतो.

आणि आपल्याकडचा कायदा? 1956च्या भारतीय वीज नियमांतल्या 45व्या नियमाने वीजकाम परवानाधारक ठेकेदाराकडे सोपवलं, पण दिवे, पंखे, फ्यूज, स्विच आणि फिटिंग बदलण्याला सूट ठेवली. अट एकच, मूळ जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या 2010च्या नियमांतही ही सूट होती. माझ्या मते ही रेषा योग्य ठिकाणी आखलेली आहे. जुन्या दिव्याच्या जागी नवा दिवा काकांनी लावावा. मीटर रूमपासून गेटपर्यंत नवी केबल ओढायची असेल, तर ठेकेदारच हवा.

मला काळजी वेगळीच आहे. तो दिवा कुठून बंद होतो, हे सभेत कोणी विचारलंच नाही. गेट, जिना, गच्ची यांचे दिवे कॉमन मीटरवर असतात. काकांनी घरचा मेन स्विच बंद करून शिडी लावली, तरी गेटवरच्या वायरमध्ये करंट असणारच. भिंतीवरच्या बटणावरही विसंबू नये. जुन्या वायरिंगमध्ये बटण कधी कधी फेजऐवजी (वीज आणणाऱ्या वायरऐवजी) न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या वायरवर, जोडलेलं सापडतं. मग दिवा विझतो, पण फेज फिटिंगपर्यंत पोचलेली असते. सेन्सरच्या दिव्याला तर फेज कायमच लागते.

सुट्टीत घरी जाऊन हातभार लावणाऱ्या आम्हा मंडळींसाठी आणखी एक धोका आहे. इंग्लंडात आता तपकिरी वायर फेजची आणि निळी न्यूट्रलची. मुंबईत न्यूट्रल काळी, आणि तीन फेजच्या मीटर रूममध्ये लाल, पिवळी, निळी या तिन्ही फेजच्या वायरी. इंग्लंडातल्या सवयीने निळ्या वायरीला हात लावणं जिवावर बेतू शकतं.

आपल्या घरोघरी असलेल्या टेस्टरबद्दलही सांगते. त्यातला छोटा निऑन दिवा आपल्या शरीरातून जाणाऱ्या अगदी सूक्ष्म प्रवाहावर पेटतो. भर उन्हात तो पेटलेला दिसत नाही, जाड रबरी तळव्याच्या चपला असतील तर मंद पेटतो. म्हणून आधी चालू सॉकेटवर टेस्टर तपासा, मग गेटवरची प्रत्येक वायर, आणि पुन्हा तोच सॉकेट. टेस्टर पेटला नाही म्हणजे वायर मेली, असं एका फटक्यात धरू नका.

मुंबईच्या पावसात फिटिंग आयपी 65चंच घ्या, म्हणजे धूळ आत जात नाही आणि पाण्याचा फवाराही. पण केबल वरून आत घातली तर त्या आकड्याचा उपयोग नाही. ती खालून, ग्लँडमधून (केबलभोवती घट्ट बसणाऱ्या बुचातून) आत जावी आणि त्याआधी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जातं. नुसती चिकटपट्टी गुंडाळून पाणी थांबत नाही. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्या, खाऱ्या हवेत साधे गंजतात. दिव्याची बॉडी धातूची असेल तर अर्थिंग जोडायलाच हवं.

रंगही विचारपूर्वक निवडा. 2015मध्ये मरीन ड्राइव्हवरचे पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावले, तेव्हा मुंबईकर किती चिडले होते, ते आठवा. गेटसमोरच्या तळमजल्यावरही माणसं झोपतात, तेव्हा 3000 केल्विनचा, म्हणजे पिवळसर उजेडाचा दिवा लावा आणि त्याचं तोंड जमिनीकडे ठेवा.

तेव्हा सभेपुढे माझी मागणी अशी आहे. ठेकेदाराला बोलवा, पण कॉमन मीटरच्या बोर्डावर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवायला आणि प्रत्येक एमसीबीवर, म्हणजे एकेका सर्किटच्या स्विचवर, तो कुठला आहे याची मराठीत चिठ्ठी लावायला. ते झालं की गेटचा एमसीबी बंद करून काकांनी खुशाल शिडी लावावी. शिडी धरायला एक जण आणि मीटर रूमच्या दाराशी दुसरा, म्हणजे वरती काम चालू असताना तो एमसीबी कोणी चालू करणार नाही.