नात्याच्या रकान्यात ‘बहीण’

काल रात्री सव्वाअकराला भाचीचा फोन. “मावशी, आईला सांगू नकोस, पण मी स्टँडवर बसलेय.” पोटात गोळाच आला.

सहा तासांचा प्रवास करून ती शनिवार-रविवारसाठी मैत्रिणीकडे गेली होती, दुसऱ्या विद्यापीठात. शाळेपासूनची मैत्रीण. हॉस्टेलच्या गेटवर सांगण्यात आलं की या सत्रापासून बाहेरच्या व्यक्तीला रात्री राहता येणार नाही. भेटायचं तर चार ते सहा, व्हिजिटर्स रूममध्ये. ही पोचली पावणेसातला. गेटपाशी वीस मिनिटं दोघी उभ्याउभ्या बोलल्या, तेवढंच. अनोळखी गावात रात्री एकटीनं लॉज शोधत फिरण्यापेक्षा स्टँड बरा, असं तिला वाटलं. पहाटेच्या बसनं परत आली. आत्ता माझ्या पलंगावर झोपलीय आणि मी हे लिहायला बसलेय, कारण डोकं शांत होत नाहीये.

माझ्या भिंतीवरच्या पोस्ट वाचणाऱ्या बहुतेकांनी मित्रांच्या हॉस्टेलच्या खोलीत जमिनीवर रात्री काढल्या आहेत. तुम्हाला वेगळं काही सांगायला नको.

मी तिसऱ्या वर्षाला असताना अशीच एका शुक्रवारी रात्रीच्या गाडीनं निघाले होते. मैत्रीण एमएससीला दुसरीकडे. (तिचं नाव लिहीत नाही, ती हे वाचते.) फोनवर नेहमी “मजेत आहे गं” म्हणायची. मला काही शंका वगैरे नव्हती, नुसती आठवण येत होती म्हणून गेले. गेटवर रजिस्टरमध्ये नाव, वेळ, सही आणि एक रकाना ‘नातं’. तिनं माझ्या हातातून पेन घेतलं आणि लिहिलं, बहीण. रखवालदार मावशींनी आमच्या दोघींच्या तोंडाकडे पाहिलं, आडनावांकडे पाहिलं. म्हणाल्या, “स्टोअरमध्ये जास्तीची गादी आहे, घेऊन जा.”

त्या गादीचं ऋण माझ्यावर आहे. का ते सांगते.

शनिवारचा दिवस आम्ही हसण्यात घालवला. आवार बघितलं, मेसमध्ये जेवलो, जुन्या गोष्टी उकरल्या. दिवसभरात तिनं मला काहीही सांगितलं नाही. चार ते सहामध्ये भेटले असते तर हसरा चेहरा बघून, खूश होऊन परतले असते. रात्री दिवा घालवला. अडीच वाजले असतील. मी खाली गादीवर, ती वर पलंगावर. अंधारात आवाज आला, “मी सप्टेंबरपासून वर्गात गेलेली नाही.” तेव्हा जानेवारी चालू होता.

हे वाक्य दिवसाउजेडी बोललं जात नाही हो. व्हिडिओ कॉलवर तर नाहीच. त्याला अंधार लागतो, आणि समोरचं माणूस सकाळपर्यंत कुठे जाणार नाही याची खात्री लागते.

कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांचा २०१८ सालचा अभ्यास मध्ये वाचला होता. घट्ट मैत्री व्हायला दोनशेहून जास्त तास एकत्र घालवावे लागतात, असा त्यांचा अंदाज. व्हिजिटर्स रूमच्या दोन-दोन तासांनी हे दोनशे तास भरायचे तर शंभर फेऱ्या झाल्या! सहा तासांचा प्रवास करून कोण शंभर वेळा येणार आहे? एका मुक्कामात निदान तीस तास मिळतात.

आणि हे ‘बाहेरची व्यक्ती’ काय प्रकरण आहे? इटलीतल्या बोलोन्याचं जुनं विद्यापीठ बाहेरच्यांमुळेच तर मोठं झालं. दूरदेशाहून आलेल्या पोरांना त्या शहरात वाली नव्हता, म्हणून त्यांनी एकमेकांच्या आधारानं आपापले गट बांधले. बाराव्या शतकात सम्राट फ्रेडरिक बार्बारोसानं शिकण्यासाठी प्रवास करणाऱ्यांना संरक्षण देणारा हुकूम काढला होता. हुकूम सोडा, इथे एक सतरंजी टाकायला जागा नाही!

भाचीनं सांगितलेल्या एका गोष्टीनं तर मला रडूच आलं. गेटबाहेर उभी असताना तिचा मोबाईल आपोआप वाय-फायला जोडला गेला. एज्युरोम. युरोपात २००२-०३च्या सुमारास सुरू झालेली सोय, आता शंभराहून जास्त देशांत आहे. तुम्ही पाहुणे म्हणून गेलात की यजमान विद्यापीठाची यंत्रणा तुमच्या विद्यापीठाला विचारते, हा विद्यार्थी तुमचाच ना? तिकडून हो आलं की जोडणी मिळते. म्हणजे एका विद्यापीठानं दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवायची पद्धत आहेच की! मग तोच विश्वास गेटवर का नाही? ओळखपत्र बघा, तिच्या वॉर्डनना फोन करा, दोन रात्रींची मर्यादा घाला, महिन्यातून एकदाच म्हणा. पण पोरीला रात्री गेटबाहेर ठेवू नका.

चोऱ्या होतात, मान्य. रूममेटला परक्या माणसाचा त्रास होतो, हेही मान्य, तिला आधी विचारलंच पाहिजे. वॉर्डनच्या डोक्यावर शेकडो मुलींची जबाबदारी असते हे मला कळतं. मघाशी रागात होते, आता जरा निवळलेय. ती नोटीस कुणी दुष्टपणानं लावली नसेल. काही तरी घडलं असेल, कुणी तरी घाबरलं असेल, आणि बंदी घालणं सगळ्यात सोपं.

पण मला ती अडीचची वेळ विसरता येत नाही. रविवारी आम्ही तिच्या टेबलावरचे कागद लावले, लायब्ररीची मुदत उलटून गेलेली सात पुस्तकं एका पिशवीत भरली. सोमवारी माझं प्रॅक्टिकल बुडवून मी थांबले आणि तिच्याबरोबर विभागप्रमुखांच्या दारापर्यंत गेले. आत ती एकटी गेली. तिचं वर्ष गेलंच, पण पुढच्या वर्षी ती पुन्हा बसली आणि पास झाली. निघताना गादी परत करायला गेले तर त्या मावशी म्हणाल्या, “बहीण बरी आहे ना आता?”

आज सकाळी बूट काढता काढता भाची मला म्हणाली, “मावशी, ती खूप वाळलीय. मी विचारलं तर मजेत आहे म्हणाली. गेटवरचे काका शेजारीच उभे होते.”

पुढच्या शनिवारी मी भाचीबरोबर जातेय. हॉस्टेलजवळच्या एका लॉजमध्ये खोली सांगितली आहे, मैत्रिणीच्या आईशीही बोलले. दोन पलंगांची खोली आहे. जास्तीची एक गादी मागून घेतलीय. खाली मी झोपेन.