बोअरच्या रिपोर्टमध्ये बेंझिन का नाही?

ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांमध्ये बोअरच्या पाण्याचे रिपोर्ट मी आवर्जून वाचतो. टीडीएस (विरघळलेले क्षार) असतो, हार्डनेस असतो, कोलिफॉर्म जिवाणू असतात. पेट्रोलमध्ये असणारं बेंझिन हे रसायन मात्र आजवर एकाही रिपोर्टमध्ये दिसलं नाही, आणि याची मला खरंच काळजी वाटते. आपल्या आजूबाजूला पेट्रोल पंप आहेत, गॅरेजं आहेत, नवी मुंबईत तुर्भे-कळंबोलीला ट्रकची वर्दळ आहे. टॉवरच्या जनरेटरसाठी डिझेल साठवलेलं असतं ते वेगळंच.

पेट्रोल पंपाची जमिनीखालची टाकी गळली की पेट्रोल मातीतून खाली झिरपतं. पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे भूजलाच्या पातळीपाशी पोचून तिथे आडवं पसरतं. वाटेत बराचसा भाग मातीच्या कणांत अडकतो. त्यात आपल्याकडे पावसाळ्यात पातळी वर चढते, उन्हाळ्यात खाली जाते. तिच्याबरोबर तेलाचा थरही खालीवर होतो आणि मधली सगळी माती माखून ठेवतो. मग गळती थांबवली, टाकी बदलली, तरी त्या मातीतून वर्षानुवर्षं थोडं थोडं पाण्यात उतरत राहतं.

"आमच्या पाण्यावर तवंग नाही, वासही नाही," असं लोक निर्धास्तपणे सांगतात. तवंग म्हणजे न विरघळलेला भाग. बेंझिन विरघळतं, लिटरमागे जवळजवळ १.८ ग्रॅमपर्यंत. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी दिलेली मर्यादा आहे लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. चव किंवा वास जाणवायला त्याच्या कितीतरी पट जास्त बेंझिन लागतं. आणि हा पदार्थ रक्ताचा कर्करोग घडवतो, यात आता वाद उरलेला नाही. पाणी पीत नसलो तरी गरम पाण्याच्या आंघोळीत तो वाफेतून नाकात जातो.

आपला खडक बसाल्ट. वर मुरूम, खाली कातळ, आणि पाणी वाहतं ते कातळातल्या भेगांमधून. म्हणून पेट्रोल पंपाला खेटून असलेली बोअर स्वच्छ आणि दोन इमारती सोडून असलेली दूषित, असं सहज होऊ शकतं. शेजारच्या सोसायटीचा चांगला रिपोर्ट आपल्या कामाचा नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार नवा पंप घरं, शाळा, रुग्णालयांपासून ५० मीटर दूर हवा, आणि कोणत्याही परिस्थितीत ३० मीटरच्या आत नको. नियम चांगला आहे, पण हे अंतर जमिनीवर मोजलेलं. खालची भेग कुठे निघते ते त्यात येत नाही. शिवाय मे महिन्यात टँकर परवडत नाही म्हणून आपण बोअर दिवसभर चालवतो, तेव्हा आजूबाजूच्या भेगांतलं पाणी आपणच आपल्याकडे ओढत असतो.

नवी मुंबईत खाडीवर भराव टाकलेल्या भागात चित्र वेगळं. तिथल्या चिकणमातीतून तेल फार हळू सरकतं, पण गटारं आणि केबलसाठी खणून भरलेले चर त्याला सोपी वाट देतात. तिथे बेसमेंटमध्ये पेट्रोलचा वास आला तर नुसता पंखा लावून गप्प बसू नका, अग्निशमन दलाला कळवा.

मातीतले जिवाणू बेंझिन खातात हे खरं, पण त्यासाठी त्यांना मुख्यतः प्राणवायू लागतो. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. जिवाणू आधी ते फस्त करतात, त्यात प्राणवायू संपतो, आणि बेंझिन आणखी दूरवर जाऊ शकतं. निसर्ग आपोआप साफ करेल या भरवशावर राहू नये, असं मी म्हणतो ते यासाठी.

माझं म्हणणं एवढंच आहे की प्रत्येक पेट्रोल पंपावर टाकीजवळ तपासणीची बोअर असावी आणि तिचे आकडे लोकांना बघता यावेत. तोवर पंप किंवा गॅरेजजवळच्या सोसायट्यांनी वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि पावसाळ्यानंतर, लॅबला बेंझिन आणि पेट्रोलियम हायड्रोकार्बन तपासायला स्पष्ट सांगावं. नमुना गच्चीवरच्या टाकीतला नको. बोअरची मोटर थोडा वेळ चालवून थेट बोअरचं पाणी घ्या. लॅबकडून काचेची बाटली मागवा, ती काठोकाठ भरा, आत बुडबुडा राहू देऊ नका आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. प्लास्टिकच्या अर्ध्या भरलेल्या बाटलीतून बेंझिन वाटेतच उडून जातं, आणि रिपोर्ट स्वच्छ येतो.