बोगदा खाली, डंपर वर

आज सकाळी शिळफाट्यावर आमची बस पस्तीस मिनिटे एकाच जागी उभी होती, आणि तेवढा वेळ शेजारच्या डंपरमधली, अर्धवट ताडपत्रीखालची बुलेट ट्रेनच्या बोगद्याची माती माझ्या डब्याच्या पिशवीवर साचत होती. महाप्याच्या कार्यालयात या महिन्यातला चौथा लेटमार्क लागला. साहेबांनी "जरा लवकर निघत जा" असा सल्ला दिला. मी साडेसहाला घर सोडतो. याहून लवकर निघायचे तर रात्रीच निघावे लागेल.

१४ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचे भूमिपूजन झाले, तेव्हा गाडी २०२२ मध्ये धावेल असे सांगितले गेले होते. ५०८ किलोमीटरच्या या मार्गातील सर्वांत अवघड तुकडा आमच्या वाट्याला आला आहे, कारण वांद्रे-कुर्ला संकुलापासून शिळफाट्यापर्यंत २१ किलोमीटरचा बोगदा असून त्यातले ७ किलोमीटर ठाणे खाडीखालून जातात. या मार्गासाठी लागणाऱ्या विक्रोळीच्या जमिनीचा वाद उच्च न्यायालयात फेब्रुवारी २०२३ पर्यंत चालला. भरल्या वस्तीतून असा मार्ग नेणे हा पोरखेळ नाही, हे मलाही कळते.

पण बोगदा खाली असला तरी त्याची माती वर येणार आणि ती रस्त्यानेच जाणार, हे समजायला कोणत्या तज्ज्ञाची गरज होती? ज्या कल्याण-शीळ रस्त्यावर मेट्रोच्या कामाचे पत्रे लागले आहेत, तिथेच हे डंपर ऐन कामाच्या वेळी रांगेने सोडायचे, मग गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना बंदी असल्याचा फलक लावलाच कशाला? पाण्याचा टँकर दिवसातून एकदा येतो, धुळीचा चिखल करतो आणि निघून जातो. दुपारपर्यंत त्या चिखलाची पुन्हा धूळ झालेली असते. माझ्या आईचा खोकला गेले तीन महिने थांबलेला नाही.

बरे, गाडी सुरू झाल्यावर आम्हाला जवळ पडणारे स्थानक कोणते, तर ठाणे. ते ठाण्यात नाही, दिव्याच्या बाजूला म्हातार्डीला आहे, आणि तिथे पोहोचायलाही याच कोंडीतून वाट काढावी लागणार आहे.

संध्याकाळी तक्रार करायला फोन लावला. पहिल्या कार्यालयाने रस्ता आपला नसल्याचे सांगितले, दुसऱ्याने डंपर आपले नसल्याचे सांगितले, आणि तिसऱ्याने माझे नाव-पत्ता लिहून घेऊन विचारले, "डंपरचा नंबर काय होता?" नंबरप्लेट मातीने माखलेली होती.