मसुदा कोणाच्या हातचा?

विकसनशील देशांच्या एकजुटीचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात. एक अभिमानाचा : ग्लोबल साउथचा, म्हणजे विकसनशील देशांच्या ‘दक्षिणेचा’, आवाज आता आपणच. दुसरा कुत्सित : असल्या परिषदांतून ठरावांच्या चळतींपलीकडे आजवर कधी काय निघाले आहे? मला दोन्ही अपुरे वाटतात. गेल्या बारा-पंधरा वर्षांतील घडामोडी नीट पाहिल्या, तर या देशांनी जिथे स्वतः मसुदा लिहून पुढे ठेवला तिथे त्यांच्या पदरात बहुधा काहीतरी पडले, आणि जिथे दुसऱ्याने लिहिलेल्या मसुद्यावर हरकती नोंदवण्यात वेळ घालवला तिथे बहुतेक वेळा हात हलवत परतावे लागले, असे माझे मत झाले आहे.

आज आपल्या ग्रामपंचायतींच्या विकास आराखड्यापर्यंत संयुक्त राष्ट्रसंघाच्या, २०३० पर्यंत गाठायच्या ज्या शाश्वत विकास उद्दिष्टांचे नाव पोहोचले आहे, त्यांचा उगमच पाहा. त्याआधीची आठ सहस्रक विकास उद्दिष्टे संयुक्त राष्ट्रसंघाच्या यंत्रणेतील मोजक्या तज्ज्ञांनी तयार केली होती, आणि ज्या गरीब देशांसाठी ती होती त्यांना लिहिताना फारसे विचारलेच गेले नव्हते. नवी उद्दिष्टे असावीत ही कल्पना २०१२ च्या रिओ परिषदेच्या तोंडावर कोलंबियाने मांडली आणि ग्वाटेमालाने उचलून धरली. हे दोन्ही देश काही महासत्ता नव्हेत. पर्यावरणाच्या नावाखाली दारिद्र्याचा प्रश्न मागे पडेल या भीतीने त्यांच्याच गोटातील अनेक देश सुरुवातीला साशंक होते. तरीही कल्पना टिकली, कारण ती कागदावर होती आणि तिच्यावर बोलता येत होते.

पुढे उद्दिष्टे ठरवण्यासाठी संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने ३० जागांचा कार्यगट नेमला, तेव्हा दावेदार ७० झाले. मग बहुतेक जागा दोन-दोन, तीन-तीन देशांनी वाटून घेतल्या. भारत, पाकिस्तान आणि श्रीलंका एका जागेवर आले, तर इराण, जपान आणि नेपाळ दुसऱ्या. (भारत आणि पाकिस्तान एका जागेचे भागीदार, हे आज कुणाला सांगितले तर थट्टा वाटेल!) आपापल्या गटाचे ठरीव निवेदन वाचून मोकळे होण्याची सोय या रचनेमुळे काहीशी कमी झाली. केनिया आणि हंगेरीच्या राजदूतांच्या अध्यक्षतेखाली मार्च २०१३ ते जुलै २०१४ अशी तेरा सत्रे झाली आणि १७ उद्दिष्टे व १६९ लक्ष्ये असलेला मसुदा तयार झाला.

या मसुद्यात कुणाचा हात होता हे लक्ष्यांच्या क्रमांकांवरूनही कळते. प्रत्येक उद्दिष्टाखाली १.१, १.२ अशी लक्ष्ये आहेत आणि शेवटचे सतरावे सोडून बाकी सगळ्यांच्या अखेरीस १.a, १.b अशी अक्षरांची लक्ष्ये आहेत. ही अक्षरांची लक्ष्ये पैसा, तंत्रज्ञान आणि नियम यांच्याविषयी, म्हणजे ‘करायचे कशाच्या बळावर’ याविषयी आहेत. साधनांची सगळी चर्चा शेवटच्या एकाच उद्दिष्टात गुंडाळू नका, ती प्रत्येक उद्दिष्टासोबत हवी, असा आग्रह विकसनशील देशांच्या जी-७७ गटाने धरला होता. औषधांच्या बौद्धिक संपदेबाबत, म्हणजे पेटंटच्या नियमांत, जागतिक व्यापार संघटनेच्या दोहा जाहीरनाम्याने दिलेली मुभा ३.b मध्ये आली आहे, आणि उपभोगाची रीत बदलण्यात विकसित देशांनी पुढाकार घ्यावा असे १२.१ मध्ये स्पष्ट लिहिले आहे. देशादेशांतील विषमता कमी करण्याचे दहावे उद्दिष्ट अनेकांना नको होते, तेही राहिले.

पैशाच्या बाबतीत मात्र हीच मंडळी कमी पडली. जुलै २०१५ मध्ये अदिस अबाबा येथे झालेल्या वित्तपुरवठा परिषदेत जी-७७ ने मागणी केली की, आंतरराष्ट्रीय करांचे नियम श्रीमंत देशांच्या पॅरिसमधील संघटनेत न ठरता संयुक्त राष्ट्रसंघात, सर्व सरकारांच्या समितीत ठरावेत. ती फेटाळली गेली. बहुराष्ट्रीय कंपन्या ज्या देशात नफा कमावतात त्याच देशात त्यांनी कर भरला, तर मदतीसाठी हात पसरण्याची वेळ कमी येईल, इतका साधा त्यामागचा हिशेब होता. आफ्रिकी देशांनी हा विषय सोडला नाही. संयुक्त राष्ट्रसंघातच कर करार व्हावा असा स्वतःचा ठराव त्यांनी आमसभेत आणला, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये समितीतील मतदानात तो १२५ विरुद्ध ४८ मतांनी संमत झाला. भारताने बाजूने मत दिले. विरोधात अमेरिका, ब्रिटन, जपान आणि युरोपीय संघाचे देश होते. कर कराराच्या वाटाघाटी आता सुरू आहेत. अमेरिका फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांतून उठून गेली, तरी बाकीचे बसून आहेत. मला हे गेल्या दशकातील दक्षिणेचे सर्वांत मोठे आणि सर्वांत कमी चर्चिलेले यश वाटते.

अर्थात, मसुदा लिहिला म्हणजे काम फत्ते असे नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये भारत आणि दक्षिण आफ्रिकेने जागतिक व्यापार संघटनेत कोविडच्या लशी, औषधे आणि चाचण्यांवरील बौद्धिक संपदेचे नियम तात्पुरते शिथिल करण्याचा प्रस्ताव ठेवला. जून २०२२ मध्ये हाती आले ते लशींच्या पेटंटपुरतेच. तिथे निर्णय सर्वसंमतीने होतो, त्यामुळे मूठभर देश अडून बसले तरी पुरते. शिवाय दुसऱ्या लाटेत आपणच लशींची निर्यात जवळजवळ थांबवली होती, आणि पुण्याच्या लशींची वाट पाहणाऱ्या आफ्रिकी देशांना त्याची झळ बसली, हेही विसरून चालणार नाही. २०२४ च्या बाकू हवामान परिषदेत तर विकसनशील देशांची मागणी वर्षाला १.३ लाख कोटी डॉलरची होती आणि २०३५ पर्यंत वर्षाला ३० हजार कोटी डॉलरवर त्यांची बोळवण झाली. हा मजकूर म्हणजे दृष्टिभ्रम आहे, असे भारताच्या प्रतिनिधीने खडसावून सांगितले खरे, पण तोवर अध्यक्षांचा हातोडा पडला होता.

आणखी एक गोष्ट आपण मोकळेपणाने बोलत नाही. जी-७७ मध्ये आज १३४ देश आहेत. त्यात तेल विकणारे आहेत आणि समुद्रात बुडू लागलेली बेटेही आहेत. हवामानाविषयी देशांची कायदेशीर जबाबदारी काय, हा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेण्याचा आमसभेचा ठराव प्रशांत महासागरातील वानुआतूसारख्या चिमुकल्या बेटांच्या देशाच्या पुढाकाराने मार्च २०२३ मध्ये संमत झाला. डिसेंबर २०२४ च्या सुनावणीत भारताने मात्र प्रचलित हवामान करारांपलीकडे नव्या जबाबदाऱ्या लादू नयेत असा युक्तिवाद केला, आणि बड्या प्रदूषक देशांची भूमिकाही बरीचशी हीच होती. आपली विकासाची निकड खरी आहे आणि दरडोई उत्सर्जनाचा मुद्दाही रास्त आहे. पण दक्षिणेचे नेतृत्व करायचे तर बेटांना आपण नेमके काय देऊ, हे आधी सांगावे लागेल. जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने दिलेले सल्लागार मत बेटांच्या बाजूने बरेच झुकले.

२०३० नंतर काय, याचा विचार सप्टेंबर २०२७ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघात व्हायचा आहे. त्याची तयारी आतापासून करायची म्हटली, तर दक्षिण आशियापाशी एकत्र बसायला जागाच नाही, कारण सार्कची शिखर परिषद २०१४ नंतर झालेलीच नाही. पाण्याचे वाटप, वितळणाऱ्या हिमनद्या आणि उष्णतेच्या लाटा यांविषयीचा एक समान मसुदा भारताने नेपाळ, बांगलादेश आणि श्रीलंकेबरोबर अधिकाऱ्यांच्या पातळीवर का होईना लिहायला घ्यावा. पाकिस्तान त्यात नंतर आला तरी चालेल, आणि पहिला खर्डा ढाक्यात किंवा काठमांडूत तयार झाला तर अधिकच बरे.