एक गाव, तीन पंगती

बडोद्यात आणि आसपास मिळून आता तीन तऱ्हेची सरकारी विद्यापीठं आहेत. आपली एमएसयू, म्हणजे महाराजा सयाजीराव विद्यापीठ, १९४९ची, राज्य सरकारच्या अनुदानावर चालणारी. लालबागेतलं गतिशक्ती विद्यापीठ, २०२२च्या कायद्यानं केंद्रीय झालेलं. त्याचा खर्च रेल्वे मंत्रालय उचलतं. आणि डभोईच्या बाजूला कुंढेल्याला गुजरात केंद्रीय विद्यापीठ, त्याला दिल्लीहून यूजीसीमार्फत (विद्यापीठ अनुदान आयोग) पैसे येतात. कर भरणारे आपणच, तिघांनाही. पण वाढपी वेगळे, आणि एमएसयूचा नंबर शेवटच्या पंगतीत.

बाकीच्या दोघांबद्दल मला आकस नाही. रेल्वेला आपली माणसं घडवायची असतील तर खुशाल घडवू देत, मांजलपूरकडच्या खोल्या तरी भाड्यानं जातील! पण पैसे वाटताना आधी विचारायला हवं की इथे किती मुलं शिकतात आणि काय शिकतात. आपल्याकडे आधी विचारतात, कायदा संसदेनं केला की विधानसभेनं.

सातव्या वेतन आयोगाचंच बघा. प्राध्यापकाची पात्रता काय हे यूजीसी ठरवते, पगाराच्या श्रेणी केंद्र सरकार ठरवतं, आणि राज्यांनीही त्याच द्याव्यात अशी अपेक्षा असते. उच्च शिक्षणाचा दर्जा ठरवणं घटनेनं आधीपासूनच केंद्राकडे दिलंय, आणि १९७६च्या घटनादुरुस्तीनं शिक्षण समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या अधिकारात, गेलं; त्यामुळे दिल्लीचा शब्द चालतो. केंद्रीय विद्यापीठांची पगारवाढ केंद्रानं पूर्ण भरली. राज्यांना मात्र वाढीव बोजाच्या ५० टक्के, तेही फक्त १ जानेवारी २०१६ ते ३१ मार्च २०१९पर्यंत. पुढचं तुमचं तुम्ही बघा. मग कुठलंही राज्य काय करणार? जागा मंजूर ठेवायच्या आणि भरायच्या नाहीत. हंगामी माणसं घ्यायची, अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर. माझ्या ओळखीतली एक पीएचडी झालेली मुलगी अशीच शिकवते (कुठे ते राहू दे). दर जूनमध्ये तिच्या घरी एकच चर्चा असते, ऑर्डर आली का.

आणि इथूनच खरी गंमत सुरू होते. नॅक, म्हणजे विद्यापीठांचं मूल्यमापन करणारी संस्था, तपासते तेव्हा मंजूर जागांपैकी किती पूर्णवेळ अध्यापक आहेत, हेही पाहून गुण देते. जागा रिकाम्या, म्हणून गुण कमी. गुण कमी, म्हणून स्पर्धेतून मिळणारा निधी दुरावतो. निधी नाही, म्हणून प्रयोगशाळा जुनी, संशोधन कमी, पुढच्या खेपेला गुण आणखी कमी. याला आपण गुणवत्तेवर आधारित वाटप म्हणतो.

नीती आयोगाच्या २०२५च्या अहवालाप्रमाणे देशातले ८० टक्क्यांहून जास्त विद्यार्थी, म्हणजे सुमारे ३.२५ कोटी, राज्यांच्या सार्वजनिक विद्यापीठांच्या छत्राखाली शिकतात. त्यांच्यासाठी केंद्राची मुख्य योजना पीएम-उषा, पूर्वीची रूसा. २०२३-२४ ते २०२५-२६ या तीन वर्षांसाठी १२,९२६ कोटी. आकडा ऐकायला दणदणीत आहे. भागाकार करा: डोईमागे वर्षाला तेराशे रुपयांच्या आसपास. तेही सगळ्यांना सारखे मिळत नाहीत, निवडक विद्यापीठांना १०० कोटी आणि बाकीच्यांनी प्रस्ताव लिहीत बसायचं.

एमएसयूची आणखी एक अडचण सहसा कोणी बोलत नाही. ती मुळापासून एकाच आवारात शिकवणारी, वसतिगृहांची युनिव्हर्सिटी. शेकडो संलग्न कॉलेजं असलेल्या विद्यापीठांना संलग्नतेची आणि परीक्षांची फी मिळते, ती कमाई इथे नाही. मग उरतं काय? सेल्फ फायनान्स आणि हायर पेमेंट, म्हणजे जास्त फी घेऊन भरायच्या जागा. एकाच इमारतीत, त्याच विषयाला, एका मुलाची फी माफक आणि शेजारच्या बाकावरच्याची कितीतरी पट. सयाजीरावांनी १९०६मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, त्यांच्या नावाच्या संस्थेत हे चालतं. जयंतीला हार घालणाऱ्यांनी यावरही कधीतरी बोलावं.

"राज्य विद्यापीठांत गैरकारभार आहे, त्यांना कशाला पैसे?" असं कोणीतरी खाली लिहीलच. आहे की, काही ठिकाणी नक्की आहे. ऑडिट करा, दोषींना घरी बसवा. पण त्यासाठी रसायनशास्त्राच्या पोराचं ब्युरेट कशाला अडवता?

इंग्लंडमध्ये शिकवण्याच्या अनुदानासाठी विषयांचे किंमत-गट केले: वैद्यकीयला सर्वांत जास्त, प्रयोगशाळेच्या विषयांना त्याखालोखाल, वर्गात बसून शिकायच्या विषयांना कमी. तिथेही भांडणं आहेतच, पण निदान हिशोब कशाचा हे कळतं. आपण एवढं तरी मागू: केंद्राच्या आणि राज्याच्या अंदाजपत्रकात प्रत्येक विद्यापीठापुढे दोन रकाने छापा, विद्यार्थी किती आणि दर विद्यार्थ्यामागे अनुदान किती. बडोद्यातल्या अकोट्याचा आमदार असो की दिल्लीतला खासदार, मत मागायला आला की मी हेच दोन आकडे विचारणार आहे.