ग्यूची ममी पाहून कशी यावी

हिमाचलातल्या स्पितीच्या सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत पाचव्या-सहाव्या दिवशी 'नाको ते ताबो' असं लिहिलेलं असतं आणि पुढे कंसात 'वाटेत ग्यू ममी'. कंसातल्या मजकुराला किती महत्त्व द्यायचं, हे आपण शाळेतच शिकलेलो आहोत. तेव्हा सुमदो मागे पडलं आणि गाडी उजवीकडच्या फाट्याला वळली की आधी ड्रायव्हरला विचारा, "किती वेळ मोडणार इथे?" फाट्यापासून गाव आठेक किलोमीटर वर आहे. उंची १०,००० फुटांच्या वर, आजूबाजूला मातकट डोंगर आणि पलीकडे जवळच तिबेटची हद्द. एवढ्या वेळात बाकरवडीचं एक पाकीट सहज संपतं.

वाटेत 'ममी' आणि 'मम्मी' यांवरचा विनोद कोणीतरी करणारच. तो आपणच आधी करून मोकळं व्हावं.

जाण्यापूर्वी काही वाचू नका. ममी म्हणजे पिरॅमिड आणि पट्ट्या, एवढं ज्ञान पुरेसं आहे. म्हणजे मग त्या छोट्याशा खोलीत शिरल्यावर, काचेच्या पेटीत पट्ट्याबिट्ट्या काही न गुंडाळता बसलेला एक लहानखुरा माणूस दिसला की "हीच का?" हा प्रश्न अगदी मनापासून निघतो. हे एक लामा, म्हणजे बौद्ध भिक्षू; मराठीत ममी स्त्रीलिंगी असल्यामुळे लामांची 'ती' झाली, याचं वाईट वाटून घेऊ नका. त्यांचं नाव संघा तेन्झिन असल्याचं सांगतात. ते लक्षात ठेवायची काहीच गरज नाही, फोटोखाली 'स्पिती ममी' लिहिलं की भागतं.

नीट पाहिलंत तर दात दिसतात. पाचशेएक वर्षांपूर्वीच्या माणसाचे दात, डोक्यावर अजून केस, आणि मानेपासून मांडीभोवती गेलेला एक पट्टा. ध्यानाला बसल्यावर शरीर ढळू नये म्हणून असा पट्टा बांधतात. पण इतकं पाहायला खाली वाकावं लागतं, आणि मागे रांग असते. "दात बघ, हसतोय!" एवढं म्हणून पुढे सरका.

इजिप्तमध्ये आतडी काढून, क्षारात वाळवून वगैरे बाकीच्यांनी मेहनत घेतली. इथे ज्याची ममी, त्यानंच ती जिवंतपणी सुरू केली, असं अभ्यासकांचं मत आहे: हळूहळू अन्न कमी करत अंगातली चरबी संपवायची आणि ध्यानातच शेवट गाठायचा. पुढचं काम इथल्या कोरड्या थंडीनं केलं. हा भाग कोणी सांगू लागलाच तर घाईनं विषय बदला, कारण पुढे ताबोला जेवणात काय आहे हे अजून ठरलेलं नसतं. माझ्याच हातून एक चूक झाली. मी फोटो काढला, तर काचेत लामांपेक्षा माझं पोटच जास्त आलं.

गावची कथा मात्र जरूर ऐका, फॉरवर्ड करायला बरी आहे. गावात विंचवांचा सुळसुळाट झाला होता. तो संपावा म्हणून लामांनी देह ठेवला, आकाशात इंद्रधनुष्य उमटलं आणि विंचू गेले. इथे 'डेंग्यूच्या साथीत आपला नगरसेवक इतकं करेल का' असं म्हणायचं असतं. त्यांचे केस आणि नखं अजून वाढतात, असंही गावकरी सांगतात. त्यावर आपल्या ग्रुपमधले निवृत्त इंजिनियर काका त्यांना विज्ञान समजावतील. समजावू द्या. त्यासाठीच त्यांनी पैसे भरलेत.

१९७५ च्या जानेवारीत किन्नौर-स्पितीत मोठा भूकंप झाला, त्यात जुना स्तूप ढासळला आणि लामा आहेत हे कळलं. देह बाहेर काढला तो २००४ मध्ये. खणताना कुदळ डोक्याला लागली आणि रक्त आलं, असं गावात सांगतात. कुदळीची खूण शोधायला लहान मुलांना पुढे करा, ती बारीक असतात.

तेवढ्यात एखादी आजी जपमाळ घेऊन आत येईल. ती काही पाहायला आलेली नसते, त्यामुळे तिला फारसा वेळ लागत नाही. वाकते, पुटपुटते, जुळवलेले हात कपाळाला लावते. तुमची फ्रेम तेवढी बिघडते. "आजी, जरा बाजूला" हे मराठीत सांगितलं तरी खुणेनं कळतं. ती हसून "जुले" म्हणेल. तुम्हीही म्हणा, एवढा एक शब्द आपल्याला येतो.

बाहेर आल्यावर गाडीत चर्चा करायला एक विषय सुचवून ठेवतो: मेलेल्या माणसाला इतकी वर्षं असं गावात ठेवायचं म्हणजे काय? त्याला मुक्ती कशी मिळणार? यावर नाकोपासूनचे सगळे रुसवे विसरून अख्खी गाडी एकमत होते.

घरी पोचल्यावर मोठी बॅग माळ्यावर टाकताना मात्र जपा. मागच्या रंगकामाच्या वेळी आजोबांचा हाराचा फोटो तिथेच ठेवलाय, काच फुटेल.