टेकऑफ अर्ध्यात सोडला म्हणजे पायलट घाबरला?

धावपट्टीवर सुसाट निघालेलं विमान मध्येच थांबवल्याची बातमी आली, की दुसऱ्या दिवशी आमच्या घरच्या ग्रुपवर तोच जुना मजकूर येतो. शहराचं नाव तेवढं बदललेलं असतं. म्हणणं असं: पायलटने घाबरून ब्रेक मारला, अनुभवी असता तर विमान उचलून एक फेरी मारून परत आणलं असतं, ठरावीक वेगानंतर थांबवणं म्हणजे सरळ गुन्हा, आधी नीट तपासलं असतं तर ही वेळच आली नसती, आणि वर प्रवाशांना आत कोंडून ठेवलं. काका हे मनापासून पाठवतात, म्हणून उत्तरही मनापासून.

आधी ‘घाबरून’ या शब्दाचं बघू. कशासाठी थांबायचं आणि कशासाठी नाही, हे विमान हलण्याआधीच कॉकपिटमध्ये बोलून ठरलेलं असतं. बोइंगमध्ये साधारण ८० नॉट, एअरबसमध्ये १०० नॉट ही पहिली रेघ. ८० नॉट म्हणजे ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास. तिथपर्यंत किरकोळ इशाऱ्यालाही थांबलेलं चालतं. त्यापुढे यादी एकदम आखडते: आग, इंजिन बंद पडणं, विमान उडण्याच्या स्थितीत नसणं, अशी मोजकीच कारणं. मग येतो व्ही-वन, थांबायचं की नाही याचा शेवटचा वेग. तोवर कॅप्टनचा हात थ्रॉटलवर, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करणाऱ्या दांड्यावर असतो. ‘व्ही-वन’ असा पुकारा झाला, की तो हात उचलून घेतला जातो. ऐनवेळी दचकून थ्रॉटल मागे ओढला जाऊ नये, म्हणून.

८ सप्टेंबर २०१५ला लास व्हेगासमध्ये ब्रिटिश एअरवेजच्या बोइंग ७७७चं डावं इंजिन टेकऑफच्या धावेत फुटलं आणि पेटलं. वेग ८० नॉटच्याही आत होता. त्या वेगाला ते अवजड विमान जमीन सोडतच नाही, तेव्हा फेरी मारायची कशी? वैमानिकांनी क्षणार्धात थांबवलं आणि आतले १७०च्या १७० जण जिवंत बाहेर पडले.

व्ही-वननंतर थांबू नये हा नियम खराच आहे. पण त्यामागे एक गृहीतक आहे: विमान उडू शकतं. ८ मार्च २०१७ला अमेरिकेत मिशिगनमधल्या विलो रन विमानतळावर तेच गृहीतक कोसळलं. एमडी-८३ जातीचं चार्टर विमान, आत मिशिगन विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ, एकूण ११६ माणसं. धावपट्टी सुमारे २.३ किलोमीटर, म्हणजे पुण्याच्या धावपट्टीपेक्षाही थोडी आखूड. व्ही-वन होता १३९ नॉट. तो ओलांडल्यावर कॅप्टनने नाक उचलायला कंट्रोल कॉलम मागे ओढला. काही नाही. आणखी जोर लावला, तरी नाक खालीच. वेग व्ही-वनच्या बराच पुढे गेला तेव्हा त्याने टेकऑफ सोडला. शेजारी बसलेला प्रशिक्षक-वैमानिक तिथेच म्हणाला, की व्ही-वननंतर असं थांबवायचं नसतं. पण त्याने थ्रॉटलला हात लावला नाही. एकाने मागे आणि दुसऱ्याने पुढे ढकललं असतं, तर काय झालं असतं याची कल्पनाही नको. विमान धावपट्टी संपवून, कुंपण तोडून बाहेरच्या रस्त्यावर जाऊन थांबलं. चाकं मोडली, पोट घासलं. एकाला किरकोळ इजा, बस्स. चौकशी करणाऱ्या एनटीएसबीने, म्हणजे अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने, कॅप्टनला दोष दिला नाही, उलट दोघांच्याही वागण्याचं कौतुक केलं.

आता ‘आधी तपासलं असतं तर’. याच विमानाचं घ्या. ते दोन दिवस उघड्यावर उभं होतं आणि जोराचा वारा सुटला होता. जवळच्या भल्यामोठ्या हँगरवरून भोवरे खात आलेल्या वाऱ्याने शेपटीवरचा उजवा एलिव्हेटर, म्हणजे विमानाचं नाक वर-खाली करणारी हलती फळी, इतका हिसडला, की त्याची जोडणी उलटी जाऊन अडकली. टेकऑफआधी वैमानिकांनी कंट्रोल हलवून पाहिले होते, ते नेहमीसारखेच हलले. कारण या विमानात कॉलम ओढल्यावर अख्खा एलिव्हेटर हलत नाही, त्याच्या मागच्या कडेची छोटी पट्टी हलते. एलिव्हेटर उचलायचं काम हवा करते, तेही वेग आल्यावर. तपासणी झाली होती. अडकलेला भाग तिच्या टप्प्यातच नव्हता.

कोंडून ठेवल्याच्या तक्रारीत मात्र थोडं तथ्य आहे: थांबल्यावर लगेच दारं उघडत नाहीत, पण त्याला कारण आहे. चाकांतून धूर दिसला म्हणजे आग असं नाही. विमानाला मान्यता देताना ब्रेकची चाचणी झिजलेल्या ब्रेकवर, पूर्ण वजनाला घेतात, आणि थांबल्यावर पाच मिनिटं अग्निशमनाने हातही लावायचा नसतो. चाकांत वितळणारे प्लग असतात. ब्रेक फार तापले की ते टायरमधली हवा सोडून देतात, म्हणजे टायर फुटत नाही. अशा वेळी घसरगुंड्या उघडून लोकांना तापलेल्या चाकांजवळ उतरवणं हीच जास्त जोखीम. खरी आग असेल तर सगळंच वेगळं. मँचेस्टरमध्ये २२ ऑगस्ट १९८५ला टेकऑफच्या धावेत धडाका ऐकून वैमानिकांना टायर फुटल्यासारखं वाटलं. फुटलं होतं इंजिन आणि इंधनाने पेट घेतला होता. ५५ माणसं गेली, बहुतेक धुराने. म्हणून थांबल्यावर कॅप्टन आधी टॉवरला आणि अग्निशमन दलाला विचारतो, बाहेरून काय दिसतंय. त्यात मिनिटं जातात, आणि आतल्याला तेवढीच दिसतात.

लास व्हेगासच्या फोटोंत पेटलेल्या विमानातून उतरलेली काही माणसं हातात कॅबिन बॅग घेऊन चालताना दिसतात. त्यावर मात्र काकांकडून अजून काही आलेलं नाही.